सात नंबर

डंडीत रात्रीचे पावणेबारा.
खिडकीबाहेर टे नदी, तिच्यावरच्या पुलाचे दिवे.
काम अडलं की मोजते मी ते,
दर वेळी वेगळे भरतात.

अकरा मशीनं, अकरा गावांत.
एकही डोळ्यांनी पाहिलेलं नाही.
एक थर्सोच्या दवाखान्यात, एक विक गावच्या वाचनालयात,
एक लेर्गच्या मेंढीबाजारात, त्याच्या कीबोर्डात
लोकर अडकते म्हणे.
हाक मारली की कोण किती मिलिसेकंदांत ओ देतं
एवढीच आमची ओळख.

आज ठिगळ लावायचंय.
ऑपरेटिंग सिस्टिम नवी आली, जुने प्रोग्राम
उंबऱ्यातूनच विचारतात, आवृत्ती कोणती?
खरं उत्तर ऐकलं की दार लावून घेतात.
म्हणून हा पॅच. मध्ये उभा राहतो,
जुन्याला जुन्याच्याच आवाजात सांगतो,
हो हो, तेच घर आहे, काही हललेलं नाही, बस.

खोटंच की.
अहवालात त्याला सुसंगतता म्हणायचं.

एक पास. दोन पास.
तीनवर तारीख उलटी, दिवसाच्या जागी महिना. नोंद केली.
चार, पाच ठीक.
सहाच्या प्रिंटरनं कुठल्याशा बंद खोलीत, अंधारात,
चाचणीचं पान छापलं असणार,
आणि ते जमिनीवर पडलं असणार.
सात रीस्टार्टला गेलं
आणि आलंच नाही.

पिंग.
पिंग.
चार मिनिटं. अकरा मिनिटं.
माणसांनी असं गप्प बसणं अंगवळणी पडलंय.
मशीनचं नाही.

सात म्हणजे लर्विक, शेटलँड, मासळी लिलावाचं ऑफिस.
सकाळी सातला बोली सुरू.
यादीत एकच फोन: आयझबिस्टर, रखवालदार.
पहिल्याच रिंगला उचलला.
"वारा झोपू देतोय कुठं," म्हणाला.
कोट चढवला, फोन चालूच ठेवून खिशात टाकला,
आणि मी सहा मिनिटं त्याच्या खिशात बसून होते:
कापडावर फडफडणारा वारा, खडीवरचे बूट,
किल्ल्यांचा जुडगा, एक शिवी (बहुधा कुलुपाला),
मग एकदम आतली शांतता.

"निळा पडदा आहे. इंग्रजी आहे, पण इंग्रजी नाही."
"एकेक अक्षर वाचा."
त्यानं वाचलं. काचेवर बोट ठेवून वाचत असावा,
मध्येच नख वाजायचं.
त्याचं इंग्रजी शेटलँडचं, माझं मिरजेचं,
र मात्र दोघांचाही खणखणीत.
"पुढे गोल."
"शून्य की ओ?"
"गोल, बाई. गोल."
"पोटात रेघ आहे का?"
बराच वेळ गेला. चश्मा शोधत होता.
"आहे."

हा लिलावाचा प्रोग्राम रॉनीनं लिहिला, त्यानं सांगितलं,
सत्त्याण्णव साली, हिवाळ्यात, बोटी बंद असताना.
रॉनी गेला. मग कुणी हात लावला नाही.
मशीनच्या पाठीमागे एक किल्ली खोचून गेलाय तो,
अंगठ्याएवढी, राखाडी.
प्रोग्राम आधी तिला चाचपतो, मग बाकीचं बोलतो.
पॅचनं सगळं सांगितलं होतं,
किल्लीचं सोडून.

"एफ आठ दाबून धरा."
"धरलं."
"सोडू नका."
"बोटी धरून ठेवल्यात मी, बटण काय सुटतंय."

ठिगळ उसवलं. एक वाजून दहा मिनिटांनी
सात नंबरनं ओ दिली, एक्केचाळीस मिलिसेकंद,
जणू मधे काही झालंच नाही.

"तू डंडीची नाहीस."
"डंडीचीच." मग थोड्या वेळानं, "मिरजेची."
"समुद्र आहे तिथं?"
"नदी आहे."
"हं," म्हणाला. दिवा मालवल्याचा आवाज आला.

सात: नापास.
कारणाच्या रकान्यात चाळीस अक्षरं मावतात.
आधी किल्लीच्या ड्रायव्हरचं नाव लिहिलं, मग खोडलं.
लिहिलं: खोटं ओळखलं.
तेही खोडलं, ड्रायव्हरचंच नाव ठेवलं.

आठ नंबर. मेंढीबाजार.
हलकेच हाक मारली.